कबुतरांचे मनोरे आणि सरव्याचा हक्क

युरोपातल्या जुन्या जहागिरींची चित्रे पाहताना मोठ्या वाड्यापासून थोडा दूर, शेताच्या कडेला एक गोल मनोरा पुष्कळदा दिसतो. बहुधा तो पडका असतो. छप्पर गेलेले, भिंतीवर वेल चढलेला, आणि आत डोकावले तर जमिनीपासून वरपर्यंत ओळीने कोनाडेच कोनाडे. प्रवासवर्णने लिहिणारे आपले लेखक अशा अवशेषांपुढे हळवे होतात. त्यांना तिथे गतकाळाची शांतता ऐकू येते. हा मनोरा म्हणजे कबुतरखाना. जहागीरदाराच्या ताटात कोवळे मांस यावे म्हणून हजारो कबुतरांना राहायला दिलेले दगडी घर. त्या कबुतरांचे दाणापाणी कोण पुरवीत होते, हा प्रश्न मात्र प्रवासवर्णनात सहसा येत नाही.

दलित साहित्य आणि विचार यांना वाहिलेल्या नियतकालिकात फ्रान्स-इंग्लंडमधल्या पडक्या कबुतरखान्यांचे काय काम, असे कुणी विचारील. त्याचे कारण आधीच सांगतो. ऑगस्ट १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामशाही मोडणारा जो हुकूमनामा केला, त्याच्या पहिल्या कलमात सरंजामी व्यवस्था रद्द झाली आणि दुसरे कलम कबुतरांविषयी होते. शिकारीचा हक्क, जहागीरदारांची न्यायालये, चर्चचा दशमांश कर हे सगळे त्यानंतर आले. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना केली ती नेमकी याच १७८९ च्या फ्रेंच सभेशी. ज्या सभेला त्यांनी आदर्श म्हणून पुढे ठेवले, तिने इतक्या घाईने कबुतरांचा निकाल का लावला, हे आपण समजून घ्यायला हवे.

आधी कबुतर म्हणजे काय ते पाहू. आपण ज्याला पारवा म्हणतो तो मूळचा कड्यावरचा पक्षी. खडकाच्या कपारीत, सपाट कंगोऱ्यावर चार काटक्या टाकून तो अंडी घालतो. झाडावर घरटे बांधण्याची त्याला सवय नाही. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या भिंतीत, पडक्या देवळांत, किल्ल्यांच्या देवड्यांत पारवे घुमतात ते यामुळेच. मी खारघरला राहतो. सिडकोच्या नगरात पंधरा-वीस मजल्यांच्या इमारती डोंगराला पाठ लावून उभ्या आहेत. पारव्याच्या नजरेने पाहिले तर पाठीमागचा डोंगर आणि पुढची इमारत यांत फरक नाही. उलट इमारतीचा कडा अधिक सोयीचा, कारण वातानुकूलन यंत्राखालची फळी म्हणजे तयार कपार. म्हणून घराघराच्या गॅलरीला जाळ्या लागल्या आणि त्या लावण्यासाठी दोराला लटकून काम करणारा एक नवा मजूरवर्ग तयार झाला.

युरोपातल्या जहागीरदाराने हेच ओळखून कृत्रिम कडा बांधला. भिंत जाड, कधी हातभर तर कधी त्याहून अधिक. आतल्या बाजूने शेकडो कोनाडे. वर छपराला झरोका, त्यातून पाखरांनी जायचे-यायचे. खाली एकच ठेंगणे दार, त्याला कुलूप. मधोमध उभा खांब आणि त्याला आडव्या दांड्यांवर टांगलेली शिडी. खांब फिरवला की शिडी भिंतीलगत गोल फिरते आणि माणूस खाली न उतरता हव्या त्या कोनाड्यात हात घालू शकतो. पिल्लू साधारण चार आठवड्यांचे झाले, अंगाने भरले पण अजून उडता येत नाही, अशा वेळी ते काढून घ्यायचे. कबुतराची जोडी वर्षातून अनेकदा दोन-दोन अंडी घालते, त्यामुळे वसंतापासून शरदापर्यंत हा पुरवठा चालू राही. इंग्लंडच्या हेरफर्डशायरमध्ये गार्वे येथे १३२६ साली बांधलेला असा एक मनोरा अजून उभा आहे. त्यात ६६६ कोनाडे आहेत आणि तो एका धर्मयोद्ध्यांच्या संघाचा होता. बेडफर्डशायरमधल्या विलिंग्टनचा सोळाव्या शतकातला कबुतरखाना तर सुमारे १५०० कोनाड्यांचा. रोमन लेखक वॅरो याने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात एकेका कबुतरखान्यात ५००० पाखरे असू शकतात असे नमूद केले आहे. म्हणजे युक्ती जुनी आहे. मध्ययुगाने तिला फक्त कायद्याचे कुंपण घातले.

या सगळ्या व्यवस्थेतली खरी गोम पुढे आहे. कोंबड्यांना मालक दाणे घालतो, डुकरांना चारतो, कबुतरांना मात्र कडाक्याच्या थंडीचे दिवस सोडले तर तो काहीच घालीत नाही. त्याला तशी गरजच नसते. सकाळी झरोक्यातून पाखरे उडतात, आसपासच्या गावांच्या शेतांत उतरतात, पोट भरतात आणि संध्याकाळी मालकाच्या भिंतीत परत येतात. दुसऱ्याच्या शेतातले धान्य उचलून ते मांसाच्या आणि खताच्या रूपाने धन्याच्या दारात आणून टाकणारी ही यंत्रणा होती. तिला मजुरी नाही, वसुलीचा कारकून नाही, पावती नाही. सारावसुलीची इतकी स्वस्त पद्धत आमच्या कोकणातल्या खोतांनाही साधली नव्हती.

म्हणूनच हा मनोरा वाटेल त्याने बांधायचा नव्हता. फ्रान्सच्या उत्तर भागात जमिनीपासून उभा, सबंध मनोराभर कोनाडे असलेला कबुतरखाना हे बड्या जहागीरदाराचे, ज्याला न्यायदानाचा अधिकार आहे अशाचे लक्षण मानले जाई. खालच्या दर्जाच्या मालकाला जमिनीच्या प्रमाणात लहानशा ढाबळीवर भागवावे लागे. प्रांताप्रांतांचे रिवाज वेगळे होते आणि दक्षिणेत बंधने सैल होती, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा हक्क जहागीरदाराचा आणि फार तर धर्मगुरूचा. १६१९ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने स्वतंत्र जमीनमालकांनाही तो खुला झाला, आणि मग कबुतरखान्यांचे पेवच फुटले. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये असे २६,००० कबुतरखाने असावेत असा एक जुना अंदाज नेहमी दिला जातो. स्कॉटलंडच्या संसदेने १६१७ मध्ये कायदा करून मनोऱ्याच्या आसपास ठरावीक धान्य-उत्पन्नाची जमीन ज्याच्या मालकीची असेल त्यालाच परवानगी दिली. या कायद्यात एक कबुलीजबाब दडलेला आहे. पाखरे कुणाचे तरी धान्य खातात, हे राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते. निदान निम्मे-अर्धे तरी मालकाच्याच शेतातले खावे, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

आणि कुळाने काय करावे? त्याने आपल्या शेतात उतरलेले कबुतर मारले तर तो गुन्हा. ते जहागीरदाराचे पाखरू. गोफण फिरवावी, आरडाओरडा करावा, बुजगावणे उभे करावे, एवढीच त्याला मुभा. शेत त्याने नांगरायचे, बी त्याने पेरायचे, पेरलेले बी डोळ्यांदेखत टिपले जात असताना त्याने टाळ्या वाजवायच्या. एका शेताचे दोन भोक्ते, त्यांतला एक पंख असलेला आणि कायद्याने रक्षिलेला.

इथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात की कबुतर उभ्या कणसाला लटकून खाणारा पक्षी नव्हे. चिमण्या, पोपट जसे कणीस फोडतात तसे तो करीत नाही. तो जमिनीवर चालत पडलेले दाणे टिपतो, तणाचे बीही खातो. म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान तितके नसेल, तक्रारी फुगवलेल्या असतील, असे कुणी म्हणेल. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, पण अगदी वेगळ्या कारणासाठी. जमिनीवर पडलेले दाणे केव्हा असतात? एक पेरणीच्या वेळी, आणि दुसरे कापणी-मळणी झाल्यानंतर. पेरणीच्या वेळचे नुकसान कुळाचे. पण कापणीनंतर शेतात सांडलेले धान्य कुणाचे असते, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. तो सरवा. तो भूमिहीनाचा वाटा.

फ्रान्समध्येही तो होता. १५५४ च्या राजाज्ञेने म्हातारे, पंगू, विधवा, लहान मुले अशा दुबळ्या लोकांना कापणीनंतर शेतात सांडलेली कणसे वेचण्याचा हक्क मान्य केला होता. तोही सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात. मिले नावाच्या चित्रकाराचे १८५७ सालचे एक चित्र जगभर प्रसिद्ध आहे. तीन बाया कमरेत वाकून सरवा वेचीत आहेत आणि दूर मागे धन्याच्या गंजी उभ्या आहेत. त्या चित्रावर खूप लिहिले गेले आहे. मला त्या चित्रात पाहताना आणखी एक गोष्ट दिसते. त्या बाया ज्या पद्धतीने, ज्या जमिनीवरून, जे दाणे उचलीत होत्या, तेच दाणे त्याच पद्धतीने कबुतर उचलते. पण बाईला दिवस उजाडेपर्यंत थांबावे लागे, धन्याच्या पेंढ्या शेतातून हलेपर्यंत थांबावे लागे. कबुतराला असले कोणतेही बंधन नव्हते. जहागीरदाराच्या कबुतराने सर्वांत आधी लुटले असेल ते कुळालाही नव्हे, तर ज्याच्याजवळ शेतच नाही त्याला. इतिहासात कुळाच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, कारण कुळाजवळ तक्रारीला लागणारे शेत होते. सरवा वेचणारीचे नुकसान कुठल्या कागदावर लिहिणार?

माझी आई भाताचा सरवा वेचीत असे. लोंब्या वेचून ओट्यात घ्यायच्या, घरी आणून सुपात मळायच्या, पायलीभर भात झाले की सणाची सोय झाली. शेतमालकाची गुरे आधी शेतात सुटत आणि मग आम्ही. हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नव्हता पण तो कधी चुकल्याचे मला आठवत नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी इतिहास शिकलो, पण त्या इतिहासात खळे होते, सारा होता, बटाई होती, आणि सरवा मात्र नव्हता. आज ज्या खारघरमध्ये मी शिकवतो तिथे १९७० पूर्वी भातखाचरे होती. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. पुढे योग्य मोबदल्यासाठी या भागातल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला, जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला. त्या लढ्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण मोबदल्याचे गणित सातबाऱ्यावरून मांडले जाते, आणि सरव्याचा हक्क सातबाऱ्यावर कधीच नसतो.

मांसाइतकीच किंमत या मनोऱ्यांत होती ती विष्ठेला. कबुतराची विष्ठा हे फार कसदार खत. इराणमध्ये इस्फहानच्या आसपास सफवी काळात बांधलेले मातीचे प्रचंड मनोरे केवळ खतासाठी होते. त्या खतावर तिथले खरबुजांचे मळे पिकत. कातडे मऊ करण्यासाठीही ही विष्ठा वापरली जाई. युरोपात तिला आणखी एक गिऱ्हाईक भेटले, ते म्हणजे तोफखाना. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो आणि जिथे प्राण्यांची विष्ठा वर्षानुवर्षे मुरते त्या मातीत सोरा धरतो. इंग्लंडच्या राजाचे सोरेवाले कबुतरखान्यांची जमीन खणून माती नेत. १६२५ मध्ये पहिल्या चार्ल्सने फर्मान काढले की कबुतरखान्यात फरशी घालायची नाही, कारण फरशी घातली की माती खारटत नाही. जहागीरदार या सोरेवाल्यांवर संतापत. १६५६ मध्ये मालकाच्या संमतीशिवाय खणायला बंदी झाली. ती बंदी परवडली, कारण तोवर ईस्ट इंडिया कंपनीला सोऱ्याचा दुसरा झरा सापडला होता. तो बिहारमध्ये होता. गावाच्या कडेची, गोठ्यांभोवतीची खारट माती खरवडून, ती पाण्यात विरघळवून, उकळून सोरा काढणारी नोनिया ही जात तिथे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत होती. इंग्लिश जहागीरदाराचा कबुतरखाना सोरेवाल्याच्या कुदळीतून सुटला तो आपल्याकडच्या एका खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या पाठीवर. असे धागे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवलेले असतात, त्यामुळे विद्यार्थ्याच्या ते हाताला लागत नाहीत.

विष्ठेचाच विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शेणातले न पचलेले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन, दळून त्याची भाकरी करणारी म्हातारी आहे. उत्तर प्रदेशात अशा धान्याला ‘गोबरहा’ असे नावच होते आणि मळणीच्या बैलांच्या शेणातले ते धान्य चांभार मजुराला मजुरी म्हणून दिले जाई. एका जगात जहागीरदाराच्या पाखराची विष्ठा राजाच्या फर्मानाने राखली जाते. दुसऱ्या जगात माणसाला धान्य मिळते ते जनावराच्या पोटातून गेल्यावर. ही दोन जगे एकमेकांना अनोळखी होती असे मला वाटत नाही.

आता १७८९ कडे वळू. त्या वर्षी राजाने बोलावलेल्या सभेसाठी गावोगावच्या लोकांनी आपल्या तक्रारींच्या वह्या लिहून पाठवल्या. कितीतरी वह्यांत कबुतरांची तक्रार आहे. जुलैच्या अखेरीस खेड्यांत उठाव झाला तेव्हा शेतकऱ्यांनी जहागिरीचे दस्तऐवज जाळले, कारण त्यांची गुलामी त्या कागदांत लिहिलेली होती, आणि अनेक ठिकाणी कबुतरखान्यांवर हल्ले केले. ४ ऑगस्टच्या रात्री सरदार-जमीनदार आपले हक्क सोडायला उभे राहिले ते एकाएकी उदार झाले म्हणून नव्हे. गावे पेटली होती. पुढच्या आठवड्यात हुकूमनाम्याचा मसुदा पुरा झाला. त्याचे दुसरे कलम सांगते की कबुतरखान्यांचा खास हक्क रद्द. गावसमाज जो हंगाम ठरवील त्या काळात कबुतरे कोंडून ठेवावी लागतील. त्या काळात ती बाहेर दिसली तर ती शिकार समजली जातील आणि आपल्या जमिनीवर त्यांना मारण्याचा प्रत्येकाला अधिकार असेल.

या कलमाकडे वाचकाने नीट पाहावे. त्यात कबुतरे पाळायला मनाई नाही. मनोरे पाडा असेही म्हटलेले नाही. हक्काची जागा तेवढी बदलली आहे. पेरणी केव्हा, कापणी केव्हा आणि पाखरू केव्हा कोंडायचे हे आता गाव ठरवणार. याच हुकूमनाम्याच्या अकराव्या कलमाने जन्माचा विचार न करता सर्व नागरिकांना सर्व पदे खुली केली. कबुतरापासून निघालेली वाट नवव्या कलमानंतर तिथे पोचते.

तरीही त्या क्रांतीला डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. जहागिरीचे अनेक देणे त्या हुकूमनाम्याने ‘भरपाई देऊन सोडवून घ्या’ या अटीवर ठेवले होते. ते विनाभरपाई रद्द व्हायला १७ जुलै १७९३ उजाडावे लागले. वसाहतींमधल्या काळ्या गुलामांच्या मालकीला तर त्या ऑगस्टमध्ये कुणी हात लावला नाही. ती गुलामी १७९४ मध्ये रद्द झाली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली आणि शेवटी १८४८ मध्ये ती गेली. कबुतर ठेवण्याचा विशेष हक्क फ्रान्सने एका आठवड्यात सोडला. माणूस ठेवण्याचा हक्क सोडायला त्याला जवळजवळ साठ वर्षे लागली.

महाड पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले, आणि पनवेलही त्याच जिल्ह्यातले. जिल्ह्याचे नाव पुढे १९८१ मध्ये रायगड झाले. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, पाखरे पीत होती, कुत्री पीत होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी (तारखेचा हा योगायोग मला आवडतो) सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलमध्ये मांडला गेला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि २० मार्च १९२७ रोजी माणसांनी ते पाणी प्यायल्यावर गावाने तळ्यात १०८ घागरी शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केले. पाखराच्या चोचीने न बाटणारे पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले. डिसेंबरमध्ये बाबासाहेब त्याच गावात उभे राहून व्हर्सायच्या सभेचा दाखला देतात आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन होते, तेव्हा फ्रेंच शेतकऱ्याने जाळलेले दस्तऐवज आणि महाडची चिता यांचे नाते सांगायला वेगळ्या भाष्याची गरज उरत नाही. फरक आहे तो असा, की फ्रेंच शेतकऱ्याचे दस्तऐवज वाड्यात कुलपात होते. आमचा दस्तऐवज शेजाऱ्याच्या मनात पाठ होता. तो जाळूनही शिल्लक राहतो.

जमिनीच्या बाबतीत बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. कोकणातला खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामध्ये बसलेला वसुलीदार. कुळाकडून अर्धेल किंवा तिर्धेल घ्यायची, वेठ घ्यायची, आणि सरकारात ठरलेली रक्कम भरायची. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. त्यात खोतांना वाजवी भरपाई देण्याची तरतूद होती, म्हणजे मागणी किती सौम्य होती ते कळते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे कुळांनी जमीनच कसली नाही, तो संपही याच लढ्याचा भाग. विधेयक मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा आला तो १९४९ मध्ये.

लॅटिन भाषेत कबुतराला ‘कोलुंबा’ म्हणतात, आणि कबुतरखान्याला ‘कोलुंबारियम’. रोमन लोकांनी हाच शब्द आणखी एका वास्तूला लावला. जमिनीखाली खोलीभर कोनाड्यांच्या ओळी, आणि प्रत्येक कोनाड्यात राखेचे मडके. बड्या घराण्यांतले गुलाम आणि मुक्त केलेले गुलाम यांच्या अस्थी इथे ठेवल्या जात. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या घरच्या दासांचे असे एक स्मशानगृह १७२६ मध्ये रोमबाहेर सापडले. कोनाड्याखालच्या पाट्यांवर नाव आणि कामही लिहिलेले आहे. कुणी केस विंचरणारी, कुणी शिंपी, कुणी वैद्य. जिवंतपणी धन्याच्या घरात, मेल्यावर धन्याच्या भिंतीत, पाखरासारखे ओळीने. हे वाचताना प्रथम राग येतो. मग हळूहळू लक्षात येते की दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गुलामाचे निदान नाव आणि काम तरी भिंतीवर आहे. आमच्या गावकुसाबाहेरच्या हाडकीत एवढेही सापडत नाही. नावे दगडावर कोरलेली सापडतात ती कोरेगावच्या स्तंभावर, शेवटी ‘नाक’ लागलेली, आणि तीही परक्या सरकारने आपल्या हिशेबासाठी कोरलेली.

आपल्याकडे कबुतरांचा थाट वेगळ्या वळणाने गेला. अकबराच्या दरबारात वीस हजारांवर कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे खास होती, असे अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त लिहितो. ती उडवण्याच्या खेळासाठी. मुंबईत मात्र कबुतर पुण्याच्या खात्यात जमा झाले. दादरचा कबुतरखाना सर्वांना माहीत आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले, कारण विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाचे गंभीर विकार होतात हे डॉक्टर सांगत होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दादरला महापालिकेने घातलेली ताडपत्री ऑगस्टमध्ये जमावाने फाडली. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. या वादात एका बाजूने धर्म बोलला, दुसऱ्या बाजूने आरोग्य बोलले, काही जणांनी भाषा आणि प्रांत आणले. पोत्याने धान्य ओतणारा दानशूर आणि खोकणारा रहिवासी या दोघांच्या मुलाखती आल्या. रोज पहाटे तिथली विष्ठा खरवडणारा, ज्याच्या छातीत ती धूळ सर्वांत आधी जाते, तो सफाई कामगार मला त्या चर्चेत फारसा दिसला नाही. तो कोणत्या जातींतून येतो हे सांगण्याची गरज नाही.

जीवदया ही वाईट गोष्ट आहे असे मी म्हणत नाही. बुद्धाची करुणा मानणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही. पण दयेचाही एक उतार असतो आणि तो कुठे वाहतो हे पाहावे लागते. फ्रान्समधले पाखरू धन्याच्या पोटासाठी दुसऱ्याचे धान्य खात होते. इथले पाखरू दात्याच्या पुण्यासाठी विकतचे धान्य खाते. दोन्हीकडे पाखराचा काही दोष नाही, आणि दोन्हीकडे खालची घाण काढणारा माणूस हिशेबात धरलेला नाही.

जुने मनोरे मग पाडावेत काय? माझे उत्तर नाही असे आहे. १७८९ नंतर फ्रान्समध्ये कित्येक पडले, इंग्लंडमध्ये मुळा-सलगमसारख्या कंदांवर हिवाळ्यात गुरे जगवता येऊ लागली, ताजे मांस वर्षभर मिळू लागले, धान्य महागले, आणि कबुतरखाने आपोआप ओस पडले. जे उरले ते जपले पाहिजेत. फक्त तिथल्या फलकावर कोनाड्यांची संख्या आणि भिंतीची जाडी यांबरोबर ती पाखरे कोणकोणत्या गावांच्या शेतांत उतरत त्या गावांची नावेही लिहावीत. आमच्या कोकणात खोतांच्या वाड्यांना आता पर्यटनाचे दिवस येत आहेत. चौसोपी, झोपाळा, माजघर दाखवले जाते. धान्याची कणगी दाखवली जाते. त्या कणगीत भात कुठून आले हे दाखवायला तिथे कुणी नसते.

यंदा मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम दिले आहे. आपापल्या आजीला, किंवा शेजारच्या म्हातारीला विचारायचे, की सरवा कोणत्या शेतात वेचीत असत, कापणीनंतर किती दिवसांनी, आधी गुरे सुटत की माणसे, पाखरे राखायला कोणाची मुले ठेवत आणि त्यांना काय मिळे. सात-आठ वह्या आल्या आहेत. माणगाव, रोहा, कर्जत या बाजूच्या आहेत, एक मराठवाड्यातून आलेल्या मुलीची आहे. भाताच्या मुलखातली आणि ज्वारीच्या मुलखातली रीत बरीच वेगळी दिसते, मापांची नावेही वेगळी आहेत. ज्या वाचकांच्या घरी अशी सांगणारी माणसे अजून आहेत, त्यांनी हे लवकर लिहून घ्यावे.